दावणीचं मत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

काजू हा शब्द मुळात मराठी नाही आणि कोकणीही नाही. ब्राझीलमधल्या तुपी लोकांच्या भाषेत त्या झाडाला ‘अकाजू’ म्हणत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते झाड गोव्यात आणून लावलं आणि झाडाबरोबर शब्दही आला. उलट दिशेने आपला फणस गेला. गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजं वाटेत ब्राझीलच्या साल्वादोर बंदरात थांबत, पाणी भरत, डागडुजी करून घेत आणि थोडाबहुत माल चोरून विकतही. फणस आज त्या भागात इतका रुळला आहे, की तो परदेशातून आला असं सांगितल्यावर तिथल्या माणसाला खरं वाटू नये.

साल्वादोर ही बाहिया राज्याची राजधानी. १५४९पासून १७६३पर्यंत ती साऱ्या ब्राझीलचीच राजधानी होती. बाहिया हे राज्य महाराष्ट्राच्या पावणेदोन पटीहून मोठं, लोकसंख्या मात्र २०२२च्या जनगणनेनुसार एक कोटी एक्केचाळीस लाखांच्या आसपास. या राज्यावर जवळजवळ चाळीस वर्षं एका माणसाची सावली होती. त्यांचं नाव आन्तोनियो कार्लोस मागाल्याइस. एवढं लांब नाव घ्यायला कुणाला वेळ नव्हता, म्हणून सारा देश त्यांना ‘एसीएम’ या तीन अक्षरांनीच ओळखायचा. आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे. ऐकताना तुम्हाला जवळपासच्या कुणाची आठवण झाली, तर तो माझा दोष नाही.

पण आधी आणखी एक शब्द समजून घेऊ. ‘कोरोनेल’, म्हणजे कर्नल. ब्राझीलमध्ये १८३१ साली राष्ट्रीय रक्षक दल उभारलं गेलं. त्यात गावोगावच्या बड्या जमीनदारांना कर्नलचा हुद्दा दिला गेला. ते कधी लढाईवर गेले नाहीत. पुढे ते दलही बरखास्त झालं. हुद्दा मात्र चिकटून राहिला. आपल्याकडे जहागीर गेली तरी वाड्यावरच्या माणसाला लोक सरकार म्हणत राहतात, तसंच हे. बाहियाच्या दक्षिणेला कोकोच्या बागा होत्या आणि त्या बागांचे मालक असलेले कर्नल तर प्रसिद्धच होते. बाहियाचे मोठे कादंबरीकार जॉर्ज आमादो यांनी त्यांना आपल्या कादंबऱ्यांतून जगभर पोचवलं.

या कर्नलची खरी ताकद जमिनीत नव्हती, मतांत होती. त्याच्या जमिनीवर राबणारा माणूस मत कुणाला द्यायचं हे स्वतः ठरवत नसे. अशा मताला पोर्तुगीजमध्ये एक नाव आहे. त्याचा शब्दशः अर्थ होतो म्होरकीचं मत. जनावराला म्होरकी घालून न्यावं तसं मतदाराला केंद्रावर न्यायचं. आपण त्याला दावणीचं मत म्हणू. १९३२ साली ब्राझीलमध्ये गुप्त मतदानाचा कायदा झाला. पण कर्नलांनी त्यावरही तोड काढली. पहिला मतदार आत जायचा आणि मतपत्रिका पेटीत न टाकता कोरीच खिशात घालून बाहेर आणायचा. कर्नलचा माणूस ती भरायचा आणि दुसऱ्या मतदाराच्या हातात द्यायचा. दुसरा ती भरलेली पत्रिका पेटीत टाकायचा आणि आत मिळालेली कोरी बाहेर आणायचा. मग तिसरा. मुंग्यांच्या रांगेसारखं दिवसभर हे चालायचं. कायद्याने मत गुप्त होतं. ज्याच्यापासून ते लपवायचं, त्याला मात्र ते पुरतं ठाऊक असायचं.

व्हितोर नुनेस लेआल या कायदेपंडितांनी १९४९ साली या विषयावर एक ग्रंथ लिहिला. तो ब्राझीलमध्ये आजही वाचला जातो. त्यांचं म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. ते म्हणतात की कर्नलशाही हा बलाढ्य जमीनदाराचा खेळ नव्हता. जमीनदार दुबळा होत चालला होता आणि सरकार बलवान होत होतं. त्या दोघांमधला हा सौदा होता. कर्नलने मतं द्यायची आणि सरकारने त्याच्या हातून नोकऱ्या, रस्ते, फौजदार, मास्तर द्यायचे. म्हणजे उद्या जमीन नसलेला माणूसही कर्नल होऊ शकतो. सरकार त्याच्या हातून वाटलं गेलं की झालं. (हे लिहिणारे लेआल पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले आणि १९६९ साली लष्करी राजवटीने त्यांना सक्तीने घरी बसवलं.)

मागाल्याइस असेच बिनजमिनीचे कर्नल होते. जन्म ४ सप्टेंबर १९२७चा, साल्वादोर शहरातला. वडील डॉक्टर, प्राध्यापक आणि काही काळ खासदार. मुलगाही १९५२ साली डॉक्टर झाला, पण त्याने स्टेथोस्कोप फार काळ गळ्यात ठेवला नाही. १९५४ साली राज्याच्या विधानसभेत, १९५८ साली देशाच्या कनिष्ठ सभागृहात. १९६४ साली लष्कराने सत्ता घेतली तेव्हा ते लष्कराच्या बाजूला उभे राहिले आणि त्याचं फळ त्यांना मिळालं. १९६७ साली ते साल्वादोरचे महापौर झाले. निवडणूक नाही, नेमणूक. १९७१ साली राज्याचे गव्हर्नर झाले. ब्राझीलमध्ये गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपाल नव्हेत. तिथला गव्हर्नर आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्य चालवतो. १९७९ साली पुन्हा गव्हर्नर. या दोन्ही वेळा सामान्य मतदाराने त्यांना मत दिलेलं नव्हतं, कारण मत मागितलंच गेलं नव्हतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या माणसाने काम केलं. साल्वादोर हे डोंगर-दऱ्यांचं शहर. दऱ्यांमधून मोठे रस्ते काढायचा आराखडा १९४०च्या दशकापासून कागदावर पडून होता. मागाल्याइस यांनी ते रस्ते प्रत्यक्ष काढले. राज्याची सगळी कार्यालयं जुन्या कोंदट शहरातून बाहेर काढून नव्या वसाहतीत नेली. कामासारी इथला पेट्रोकेमिकल उद्योग त्याच काळात, १९७८ साली सुरू झाला. तो केवळ त्यांनी आणला असं म्हणता येणार नाही, पण दिल्लीत, आपलं, ब्राझिलियात वजन असलेला माणूस बाहियाकडे होता हेही खरं. ते काम दिवसरात्र करायचे, अधिकाऱ्यांना झोपू द्यायचे नाहीत, हुशार तरुण तंत्रज्ञ हेरून आणायचे. बाहियात त्यांच्याविषयी दोन टोपणनावं प्रचलित होती. एक होतं ‘तोनिन्यो माल्वादेझा’, म्हणजे दुष्ट आन्तोनियो. दुसरं ‘तोनिन्यो तेर्नुरा’, म्हणजे मायाळू आन्तोनियो. गंमत अशी की दोन्ही नावं एकाच माणसाची, आणि दोन्ही वापरणारे लोकही पुष्कळदा तेच.

दुष्टपणाचा मासला हवा असेल तर ‘जोर्नाल दा बाहिया’ या वृत्तपत्राचं उदाहरण घ्या. १९७०च्या दशकात त्या पत्राने गव्हर्नरांपुढे मान तुकवली नाही. सरकारी जाहिराती बंद झाल्या. मग खाजगी जाहिरातदारांनाही इशारा गेला की तिथे जाहिरात द्याल तर सरकारी दारं बंद. पत्र हाल सोसत तगलं, पण कायमचं अशक्त झालं. वृत्तपत्र बंद पाडायला प्रत्येक वेळी कुलूप लागत नाही, हे त्या राजवटीला पक्कं ठाऊक होतं. काही वर्षांनी मागाल्याइस यांनी स्वतःचंच ‘कोरेइयो दा बाहिया’ हे दैनिक काढलं.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत नाट्यमय प्रसंग साल्वादोरच्या विमानतळावर घडला. १९८४चा सप्टेंबर. लष्करी राजवट मावळत होती. सत्ताधारी पक्षाने अध्यक्षपदासाठी साव पावलोचे पावलो मालुफ यांना उभं केलं होतं आणि मागाल्याइस यांचं त्यांच्याशी हाडवैर. विमानतळाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला हवाई दलाचे मंत्री आले आणि पक्ष सोडून विरोधकांकडे निघालेल्यांना त्यांनी भाषणात गद्दार म्हटलं. तो रोख कुणावर होता हे सगळ्यांना कळलं. मागाल्याइस यांनी उलट उत्तर दिलं, की भ्रष्ट माणसाला पाठिंबा देणारा तोच खरा गद्दार. लष्करी मंत्र्याला असं जाहीर उत्तर देणं त्या दिवसांत सोपं नव्हतं. वीस वर्षं लष्कराच्या मांडवाखाली बसलेला माणूस शेवटच्या घटकेला उठला आणि लोकशाहीच्या पंगतीत पहिल्या रांगेत जाऊन बसला. कुणी याला धैर्य म्हणेल, कुणी वाऱ्याची जाण. मला दोन्ही खरं वाटतं.

जानेवारी १९८५मध्ये निर्वाचक मंडळात तांक्रेदो नेव्हेस यांनी मालुफ यांचा ४८० विरुद्ध १८० मतांनी पराभव केला. पण शपथ घेण्याआधीच नेव्हेस आजारी पडले आणि २१ एप्रिलला गेले. उपाध्यक्ष जोझे सार्ने अध्यक्ष झाले. मागाल्याइस यांना दळणवळण खातं मिळालं आणि ते त्यांनी पाच वर्षं सांभाळलं.

आता दळणवळण म्हणजे टपाल-तार एवढंच नव्हे. रेडिओ आणि टीव्ही केंद्रांचे परवाने याच खात्यातून निघत. १९८७-८८मध्ये नवी राज्यघटना तयार होत होती आणि सार्ने यांना अध्यक्षपदाची मुदत पाच वर्षांची हवी होती. ती ठरवणार होते घटना समितीचे सदस्य. सार्ने यांच्या कारकिर्दीच्या त्या पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत रेडिओ-टीव्हीचे हजाराहून अधिक परवाने वाटले गेले आणि त्यातले अनेक थेट किंवा आडमार्गाने लोकप्रतिनिधींच्या घरात गेले. सार्ने यांना पाच वर्षं मिळाली. ब्राझीलच्या अभ्यासकांनी या प्रकाराला ‘इलेक्ट्रॉनिक कर्नलशाही’ असं नाव दिलं. मागे लेआल यांचा सौदा सांगितला, तोच हा. नोकरी आणि रस्त्याच्या जागी आता ध्वनिलहरी आल्या होत्या.

खुद्द बाहियात काय झालं? मागाल्याइस कुटुंबाची ‘टीव्ही बाहिया’ ही वाहिनी १९८५ साली सुरू झाली. ब्राझीलमध्ये ग्लोबो ही सर्वांत बलाढ्य टीव्ही कंपनी. तिचे कार्यक्रम राज्यात दाखवायचा हक्क १९६९पासून दुसऱ्या एका केंद्राकडे होता. जानेवारी १९८७मध्ये तो त्यांच्याकडून गेला आणि टीव्ही बाहियाला मिळाला. त्याच सुमारास ग्लोबोच्या मालकांना दूरध्वनी यंत्रसामग्री बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीतला हिस्सा अगदी स्वस्तात मिळाला होता, आणि त्या कंपनीचं मोठं गिऱ्हाईक होतं दळणवळण खातं. टीकाकार म्हणाले, ही देवाणघेवाण. मागाल्याइस यांनी ते कधी मान्य केलं नाही. पण संध्याकाळच्या मालिकेला जोडून घराघरात ज्या बातम्या जात होत्या, त्या आता कुणाच्या घरून निघत होत्या हे बाहियात सगळ्यांना माहीत होतं.

मत मोकळं झालं की दावं तुटतं का, याची पहिली परीक्षा १९८६ साली झाली. मागाल्याइस यांच्या बाजूच्या उमेदवाराला वाल्दिर पिरेस यांनी पंधरा लाखांहून अधिक मतांनी हरवलं. लोकांना वाटलं, संपला हा माणूस. पण पिरेस १९८९ साली उपाध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी गव्हर्नरपद सोडून गेले आणि त्यांच्या आघाडीचा विस्कोट झाला. १९९० साली मागाल्याइस पहिल्याच फेरीत गव्हर्नर म्हणून निवडून आले, या वेळी लोकांच्या मतांनी. तिथून सलग सोळा वर्षं राज्य त्यांच्या गटाकडे राहिलं.

या काळातलं त्यांचं सर्वांत दिसणारं काम म्हणजे पेलोउरिन्योचा जीर्णोद्धार. पेलोउरिन्यो म्हणजे गुलामांना बांधून फटके मारायचा खांब. ज्या चौकात तो होता, त्या जुन्या वस्तीलाच ते नाव पडलं. १९८५ साली युनेस्कोने ती जागतिक वारसा ठरवली, तेव्हा घरं ढासळत होती आणि आत गरीब काळी माणसं राहत होती. मागाल्याइस यांनी १९९२नंतर शेकडो इमारती दुरुस्त करून रंगवल्या. १९९६ साली मायकल जॅक्सनने तिथल्या ओलोदुम पथकाच्या ढोलांबरोबर आपलं गाणं चित्रित केलं आणि साऱ्या जगाने ते रंग पाहिले. पण त्या घरांत राहणारे हजारो लोक किरकोळ भरपाई हातावर ठेवून शहराच्या कडेला पाठवले गेले. वास्तू वाचली आणि वस्ती उठली.

इथे मला थोडं आडवाटेला जायचं आहे. याच साल्वादोर शहरात जानेवारी १८३५मध्ये, रमजानच्या महिन्यात, आफ्रिकेतून आणलेल्या मुसलमान गुलामांनी उठाव केला होता. एका रात्रीत तो मोडला गेला. झडतीत त्यांच्याकडे अरबी लिपीतले कागद सापडले. काहींवर कुराणातल्या आयती होत्या, काहींवर नुसता अक्षरांचा सराव. लिहिता येणारा गुलाम ही कल्पनाच मालकांना भयंकर वाटली. कागद पुरावा म्हणून जप्त झाले आणि आजही ते बाहियाच्या अभिलेखागारात आहेत. पुढे १८८१ साली कायदा आला, की निरक्षराला मत नाही. गुलामगिरी १८८८ साली गेली, पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लिहू दिलं नव्हतं त्यांना आता लिहिता येत नाही म्हणून मत नव्हतं. ही बंदी उठली १९८५ साली. १८३५मध्ये लिहिता येणं हा गुन्ह्याचा पुरावा होता आणि १९८५पर्यंत लिहिता न येणं हा दोष. मध्ये दीडशे वर्षं गेली. अक्षरांवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचल्यावर त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हा मागाल्याइस यांच्या पहिल्या दोन गव्हर्नरकीच्या काळात राज्यातल्या लाखो निरक्षर माणसांना मत नव्हतंच. त्यांच्यासाठी राज्यकर्ता म्हणजे देणारा किंवा मारणारा हात, एवढंच नातं होतं. मायाळू आणि दुष्ट ही दोन नावं त्याच नात्यातून आली असावीत असं मला वाटतं.

त्या हाताची माया मात्र दिखाऊ नव्हती, असं त्यांचे विरोधकही सांगत. गान्तोइस इथल्या आफ्रिकी उपासनापीठाच्या प्रमुख, बाहियाच्या लाडक्या मेनिनिन्या माय, यांच्याकडे ते जात. बॉनफिमच्या चर्चवर त्यांची श्रद्धा होती. एकेकाळचे कम्युनिस्ट असलेले जॉर्ज आमादो त्यांचे मित्र होते, आणि त्याबद्दल आमादोंना डाव्या मित्रांकडून बरंच ऐकून घ्यावं लागलं.

१९९५ साली ते सिनेटर झाले. अध्यक्ष फेर्नांदो एन्रिके कार्दोसो यांच्या सरकारला त्यांच्या पक्षाचा टेकू होता. मुलगा लुईस एदुआर्दो कनिष्ठ सभागृहाचा सभापती, आणि १९९७ साली वडील सिनेटचे सभापती. मुलगा गोड स्वभावाचा, विरोधकांनाही आपलासा वाटणारा. पुढे तो देशाचा अध्यक्ष होईल असं बोललं जात होतं. २१ एप्रिल १९९८ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय त्रेचाळीस. तांक्रेदो नेव्हेस गेले ती तारीखही हीच. जवळचे लोक म्हणत की त्यानंतर म्हातारा पूर्वीचा राहिला नाही. त्या वर्षी साल्वादोरच्या विमानतळाला मुलाचं नाव दिलं गेलं, म्हणजे त्याच विमानतळाला जिथे वडिलांनी मंत्र्याला उत्तर दिलं होतं.

आणि आता तो प्रसंग, ज्याच्यासाठी मी मघाशी दावणीच्या मताची एवढी लांबण लावली. १९९९ साली मागाल्याइस यांच्या आग्रहाने न्यायसंस्थेतल्या गैरव्यवहारांची संसदीय चौकशी सुरू झाली. साव पावलोतल्या एका न्यायालयाच्या इमारतीच्या बांधकामातला मोठा घोटाळा तीत उघड झाला आणि धागेदोरे सिनेटर लुईझ एस्तेव्हाव यांच्यापर्यंत गेले. २८ जून २००० रोजी सिनेटने त्यांना ५२ विरुद्ध १८ मतांनी काढून टाकलं. दहा जण तटस्थ राहिले. मतदान गुप्त होतं, बाकावरची बटणं दाबून, इलेक्ट्रॉनिक फलकावर. ब्राझीलच्या सिनेटने आपला सदस्य असा पहिल्यांदाच काढला होता. खरं तर हा मागाल्याइस यांचा विजय होता. तो घेऊन त्यांनी गप्प बसावं की नाही?

कुणी कुणाला मत दिलं हे जाणून घेण्याची सवय चाळीस वर्षांची होती. सिनेटच्या संगणक विभागातून त्या गुप्त मतदानाची नावनिशीवार यादी काढली गेली. सरकार पक्षाचे सिनेटमधले नेते जोझे रोबेर्तो अरुदा यांच्यामार्फत ती सभापतींच्या हाती पडली. फेब्रुवारी २००१मध्ये सरकारी वकिलांशी बोलताना मागाल्याइस यांनी ओघात सांगून टाकलं की आपल्याला यादी ठाऊक आहे, आणि विरोधी पक्षातल्या एका महिला सदस्याने एस्तेव्हाव यांना वाचवायला मत दिलं. त्या बाईंनी ते ठामपणे नाकारलं. पण संभाषणाची ध्वनिफीत झाली होती आणि ते साप्ताहिकात छापून आलं. विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी यंत्रणा तपासली, तेव्हा तिच्यात हात घातला गेल्याचं सिद्ध झालं. संगणक विभागाच्या प्रमुख बाईंनी एप्रिलमध्ये कबुली दिली. अरुदा यांनी आधी सभागृहात साफ नाकारलं आणि चार-पाच दिवसांत रडत रडत मान्य केलं. मागाल्याइस म्हणाले, यादी पाहिली, पण मी मागवली नव्हती.

साल्वादोरमध्ये मे महिन्यात विद्यार्थी रस्त्यावर आले. राज्याच्या पोलिसांनी विद्यापीठाच्या आवारात घुसून त्यांना पांगवलं. ज्या शहरात या माणसाविरुद्ध मोठ्याने बोलायला लोक कचरत, तिथे पोरं त्याचं नाव घेऊन घोषणा देत होती. ३० मे २००१ रोजी मागाल्याइस यांनी राजीनामा दिला. राजीनामा का, तर सभागृहाने काढलं असतं तर आठ वर्षं निवडणूक लढवता आली नसती. आणि रिकाम्या जागेवर कोण आलं? निवडणुकीच्या वेळीच पर्यायी सदस्य म्हणून ज्याचं नाव दिलेलं होतं तो, त्यांचा दुसरा मुलगा. दीड वर्षाने, २००२च्या ऑक्टोबरात, बाहियाने म्हाताऱ्याला पुन्हा सिनेटवर निवडून दिलं.

मला प्रश्न पडतो तो इथे. तेव्हाचं मतदान मतपत्रिकेवर नव्हतं. ब्राझीलने १९९६पासून मतदान यंत्रं आणली आणि २०००पर्यंत ती देशभर झाली. कोरी पत्रिका खिशातून आणायची मुंग्यांची रांग संपली होती. मत खरोखर गुप्त होतं, आणि तरीही लोकांनी त्यांनाच मत दिलं. म्हणजे सगळं दाव्यावर चाललं होतं असं नाही. रस्ता, नळ, फॅक्टरी यांची आठवण होती, टीव्हीचा रोजचा रतीब होता, आणि ‘आपला माणूस’ ही भावनाही. सरकार वाटणाऱ्या हाताचं उपकार मानणं इतकं अंगवळणी पडलं होतं, की हात पाठीवर नसला तरी मान वाकतच होती. पण नुसतं एवढंच म्हणून त्या मतदारांना कमी लेखायलाही माझं मन धजत नाही. फोर्डचा कारखाना इतर राज्यांच्या तोंडातून ओढून त्यांनी कामासारीला आणला होता. २००१ साली तो सुरू झाला, तेव्हा तिथे नोकरीला लागलेल्या पोराच्या आईने मत कुणाला द्यावं? (तो कारखाना २०२१ साली बंद झाला आणि आता त्या जागी बीवायडी ही चिनी कंपनी आहे.)

२००३ साली आणखी एक प्रकरण निघालं. बाहियात पोलिसांच्या यंत्रणेतून दोनशेहून अधिक फोन चोरून ऐकले गेले होते. त्यात मागाल्याइस यांचे राजकीय विरोधक होते आणि त्यांच्या खाजगी आयुष्यातली माणसंही. संशय त्यांच्यावर आला, त्यांनी नाकारलं, आणि या वेळी सदस्यत्व वाचलं. पण पुन्हा तोच विषय होता, दुसऱ्याचं गुपित.

शेवट २००६ साली आला, ऑक्टोबरच्या निवडणुकीत. मतचाचण्या सांगत होत्या की त्यांचे गव्हर्नर पावलो सोउतो सहज जिंकतील. लुला यांच्या कामगार पक्षाचे जाक वाग्नर पहिल्याच फेरीत निवडून आले. याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक अभ्यासक सांगतात ते असं, की २००३पासून लुला सरकारची ‘बोल्सा फामिलिया’ योजना आली होती. गरीब घरातल्या आईच्या नावाने कार्ड, आणि पैसे सरकारी बँकेतून थेट. मध्ये कुणाच्या दारात उभं राहायला नको. गंमत बघा, गरिबीनिर्मूलनासाठी स्वतंत्र निधी असावा अशी घटनादुरुस्ती २००० साली झाली होती. तिचे जनक स्वतः मागाल्याइस. पुढे त्याच निधीतला पैसा या योजनेकडे वळला. ज्या हातावर त्यांची सत्ता उभी होती, त्या हाताला वळसा घालून जाणारी वाट अशी त्यांनीच थोडीशी बांधून दिली होती.

२० जुलै २००७ रोजी साव पावलोच्या रुग्णालयात ते गेले. वय एकोणऐंशी. साल्वादोरला त्यांच्या अंत्यदर्शनासाठी रांगा लागल्या. त्या रांगांत रडणारे लोक खरंच रडत होते.

त्यानंतरचं थोडक्यात. सदस्यत्व जाऊ नये म्हणून राजीनामा द्यायची पळवाट २०१०च्या एका कायद्याने बंद झाली. २०१३ साली घटनादुरुस्ती झाली आणि संसदेत सदस्याला काढण्याचं मतदान उघड झालं. आता यादी चोरायची गरजच नाही, ती सगळ्यांसमोर असते. बोलून चालून लोकप्रतिनिधीचं मत ते, मतदाराचं नव्हे. अरुदा २००७ साली राजधानीच्या प्रदेशाचे गव्हर्नर झाले आणि २०१० साली पदावर असतानाच तुरुंगात गेले. मागाल्याइस यांचा नातू, त्याच नावाचा, २०१३ ते २०२० साल्वादोरचा महापौर होता आणि लोकांना आवडलाही. २०२२ साली तो गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि ३० ऑक्टोबरच्या दुसऱ्या फेरीत कामगार पक्षाच्या जेरोनिमो रोद्रिगेस यांच्याकडून हरला.

विमानतळाला लुईस एदुआर्दो यांचं नाव दिलेलं आहे. १९९८च्या आधी त्याचं नाव ‘दोन जुलै’ असं होतं. १८२३ साली त्या तारखेला पोर्तुगीज फौजा बाहिया सोडून गेल्या होत्या. साल्वादोरमधले पुष्कळ लोक अजून तेच नाव घेतात.